होडी उचलायची जागा

जेवणाच्या टेबलावरचं प्लास्टिक काढून
मी नकाशा पसरलाय.
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
लोणच्याची बरणी, बीपीचं मशीन,
ऋजुताची शाळेतली ट्रॉफी,
आणि नीळकंठांचा कोपर.
ते पेपर वाचतायत, असं त्यांचं म्हणणं.

नकाशाभर निळे डाग,
कुणी शाईचं पेन झटकल्यासारखे.
सगळी तळी, आई, ऋजुता फोनवर म्हणाली,
आणि बहुतेकांना रस्ताच नाही.

अठ्ठावीस वर्षं मी ऐरोलीत राहते.
सेक्टर, प्लॉट, विंग, फ्लॅट,
माझा पत्ता निम्मा आकड्यांचा.
तिथे मुक्काम म्हणजे एक लाल त्रिकोण
आणि त्याच्या अलीकडे
बोटभर लांबीचं, दिवसभराचं पाणी.

दोन तळ्यांमध्ये तुटक रेघ असते, रेघेवर आकडा.
तीनशे दहा. सातशे पंचाण्णव. दोन हजार तीनशे.
इथे पाणी संपतं.
होडी उलटी करून डोक्यावर घ्यायची
आणि पुढचं तळं येईपर्यंत चालायचं.

सातशे पंचाण्णव म्हणजे आमच्या गेटपासून भाजी मार्केट.
दोन हजार तीनशे म्हणजे स्टेशन,
आणि छत्री विसरली म्हणून अर्ध्यातून परत.
मंगळवारपासून मी लिफ्ट सोडलीय.
पाठीवर दहा किलो कोलम, मजला सातवा.
तिसऱ्यावरच्या गुंजाळबाई दार किलकिलं करून विचारतात,
लिफ्ट बंद आहे का हो?
नाही, चालू आहे, म्हणते
आणि त्यांना तशाच ठेवून वर जाते.

रविवारी पहाटे दिवा गावच्या जेट्टीवर
हसुरामने वल्हं हातात दिलं
आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.
होडी तीनदा गोल फिरली, जागच्या जागी.
तिवरांपलीकडे रोहित पक्षी
माना चिखलात घालून खात होते.
एकानेही वर पाहिलं नाही, उपकारच म्हणायचे.

तिकडं भरती कवाची? त्यानं विचारलं.
तळ्याला भरती नसते, म्हटलं.
त्यानं वल्हं परत घेतलं, लुंगीला पुसलं.
मंग निघायचं कवा, त्ये कोन सांगनार?

रात्री खाण्याचं पोतं झाडाला टांगायचं असतं,
अस्वलांसाठी. म्हणजे अस्वलांना मिळू नये म्हणून.
तालीम सोसायटीच्या बदामावर केली.
चौथ्या फेकीला दोरीला फांदी सापडली,
पोतं डुलत डुलत वर गेलं,
वॉचमनने खुर्ची जरा लांब सरकवली.
अस्वलं आली नाहीत. सकाळी कावळे आले.
खाकऱ्याचा चुरा पार्किंगभर,
आणि सेक्रेटरींची नोटीस, नाव न घालता.

नीळकंठ सगळ्यालाच नाही म्हणतात.
पोहता येत नाही. थंडी. वय.
पैसे भरून डास चावून घ्यायचे,
ते तर खाडीवर फुकट चावतात.
ऋजुताने दोन होड्या सांगितल्यात:
एकीत ती आणि तिची मैत्रीण,
दुसरीत मागे मी, दिशा धरायला,
आणि पुढे एक फळी.
पुढे कोण, ती दर वेळी विचारते.
मी तिला तिकडचं हवामान विचारते.

जागा राखायची खिडकी तिथल्या सकाळी सातला उघडते,
इथे दुपारी साडेचार.
चार वाजून तेवीस मिनिटांनी
मी फ्रिजवरची यादी शेवटची वाचायला घेतली.
टॉर्चचे सेल. ओडोमॉस, सहा.
चहाची पूड, इथलीच. सुतळी.
आणि अगदी तळाशी, माझ्या अक्षराखाली,
पेन्सिलने, खोडता येईल असं:
गुडघ्याचा पट्टा, डावा.

माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत.

मी टेबलाकडे आले. माणसांच्या रकान्यात
ऋजुताने काय भरायचं, ती फोनवर थांबलीय.
त्यांनी पान उलटलं, त्यासाठी कोपर उचलला,
आणि तळ्यांचा तो कोपरा
हळूच गुंडाळत आमच्याकडे आला.